छपरावरचा पहिला नंबर

वादळानं बातोंगपुलातली छपरं नेली, तेव्हापासून सगळं गाव कुठल्या ना कुठल्या उमेदवाराखाली झोपत होतं.

निवडणुका झाल्या की फ्लेक्स उरतात, आणि फ्लेक्स पाण्याला पक्का असतो. गावचा कापितान, म्हणजे इथला सरपंच, हे जुने फ्लेक्स गुंडाळून ठेवायचा आणि वादळ होऊन गेलं की वाटायचा. मानाय सेपाच्या घरावर गेल्या खेपेला पडलेला मेयर होता. "निवडून आला असता तर गळला नसता," ती म्हणायची. चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं दोन कट्टर विरोधक एकमेकांना शिवून टाकले होते. त्या शिवणीतून थेंब येत नव्हता. पलीकडच्या घरावर एक गव्हर्नरबाई उलट्या लागल्या होत्या, त्यामुळे तिथल्या तान्ह्या बाळाला माणूस हनुवटीपासून सुरू होतो असं वाटत असणार.

आंदोय तापेलच्या घरावर मात्र कुणीच नव्हतं. पडलेल्या नारळाच्या झावळ्या विणून त्यानं वर टाकल्या होत्या. फेब्रुवारी लागेपर्यंत त्या कुजल्या आणि पाऊस घरात व घराबाहेर सारखाच पडू लागला.

फ्लेक्स वाटले त्या दिवसांत आंदोय, त्याची बायको पासिता आणि पोरगी फ्लोर्देलिसा तिघंही डोंगरावर होती. वादळानं सगळा अबाका आडवा केला होता. दिसायला केळीसारखं झाड, पण त्याचं सगळं मोल सोपटातल्या वाखात, दोरखंडाच्या धाग्यात. आडव्या झाडातला वाख लगेच ओढून काढला नाही तर आतल्या आत काळा पडतो, आणि काळ्या वाखाला व्यापारी हात लावत नाही. नवी झाडं हाताशी येईपर्यंत जे खायचं ते ह्या पडलेल्या झाडांतूनच. आंदोय कोयत्यानं सोपटं सोलायचा, पासिता त्यांच्या पट्ट्या काढायची, आणि फ्लोर्देलिसा सुरीपाशी उभी राहायची. ठोकळ्यावर दाबून बसवलेलं पातं पायानं उचलायचं, पट्टी आत सरकवायची, पाय सोडायचा, पट्टीचं टोक दांडक्याला गुंडाळायचं आणि सगळं अंग मागं टाकून ओढायचं. गर पात्याशी राहतो, वाख हातात येतो. रस कोपरापर्यंत उडतो, खाजतो, आणि वाळला की काळा होतो. तो डाग साबणानं जात नाही. कातडी नवी आली की जातो. तिसऱ्या दिवशी आंदोयच्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग दुसऱ्या हातानं ओढायला लागला.

शाळेचंही छप्पर गेलं होतं. ते दफनभूमीत जाऊन पडलं. पण शिक्षण थांबता कामा नये, असं मुख्याध्यापक म्हणाले, म्हणून शाळा कापितानच्या गाडीच्या शेडमध्ये भरवायचं ठरलं. मदतीचे तांदूळ आणि सार्डिन माशांचे डबेही तिथंच उतरले. कारकून एकच. त्यानं डोकं लढवलं आणि दोन्ही कामं एकत्र केली. जो रांगेत येऊन सार्डिनचा डबा घेईल तो हजर. शिकवणं-बिकवणं झालं नाही, फळाच नव्हता. पण शाळेची हजेरी आजवर कधी भरली नव्हती इतकी त्या आठवड्यात भरली. दोन आज्यासुद्धा हजर लागल्या.

तापेलांनी डबे घेतले नाहीत. म्हणून फ्लोर्देलिसा गैरहजर.

ह्याची तिनं तेव्हा फिकीर केली नाही, आणि तिथं चुकलं. फ्लोर्देलिसा तापेल पहिलीपासून पहिली येत होती. पहिल्या वर्षी रिबन मिळाली तेव्हा रिवाजाप्रमाणे बापानं व्यासपीठावर चढून ती लावायची होती. आंदोयनं टाचणी थेट तिच्या खांद्यात घुसवली. फोटो निघत होता म्हणून ती रडली नाही. त्या फोटोत ती देवदर्शन झाल्यासारखी दिसते. पाचवीत ती गणिताच्या स्पर्धेला गेली ती बाईंच्या बुटांत कागद कोंबून. दर शुक्रवारी वर्गाची लाकडी जमीन नारळाचा काथ्या पायाखाली धरून घासायची असे. फ्लोर्देलिसा आपला भाग घासायची आणि शेजारच्या जान केनेथचाही, कारण जान केनेथला शुक्रवारी दमा असायचा. हायस्कुलात ती बोटीनं लेगास्पीला गेली, जाताना वाटभर ओकली, आणि सबंध प्रांतात विज्ञानात दुसरी आली. ते प्रशस्तिपत्र चौकटीत घालून कापितानच्या दिवाणखान्यात लागलं. गावाचं यश, म्हणाला, गावाच्या घरात शोभतं. तिला झेरॉक्स मिळाली.

जान केनेथ ताबिरारा हा कापितानचाच मुलगा. ह्या गावात सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात. कुणा स्पॅनिश साहेबानं पूर्वी गावागावांना एकेक अक्षर वाटून दिलं होतं, फ्लेक्स वाटावेत तसं. त्यामुळे ताबिरारा आणि तापेल हजेरीपटावर शेजारी, बाकावर शेजारी. पोरगा स्वभावानं वाईट नव्हता. चार वर्षं तो तिच्या वहीतून उतरवत आला आणि एकदाच कुरकुरला: "अक्षर जरा मोठं काढ ना, मान दुखते."

आता शेवटचं वर्ष होतं. मार्चमध्ये शेवटची परीक्षा, मग झगे घालून समारंभ. जो पहिला येईल त्याला विद्यापीठात फी माफ, वसतिगृहात जागा, पुस्तकं. दुसऱ्याला पदक. फ्लोर्देलिसाच्या मावशीनं मनिलात कामासाठी एक घर बघून ठेवलं होतं, दोन मुलं आणि एक कुत्रा सांभाळायचा. पदक गळ्यात घालूनही कुत्रा सांभाळता येतोच.

*

"आई, नुसतं मागायचं. भीक नाही मागायची," फ्लोर्देलिसा कापितानच्या घराच्या वाटेत म्हणाली.

"दोन्हीला त्वांड एकच लागतं," पासिता म्हणाली.

कापिताना, म्हणजे कापितानची बायको, ओटीवर बसून नखं रंगवून घेत होती. दोन्ही हात हवेत पसरलेले, बोटं फाकलेली.

"आत्ता आलात?" ती म्हणाली. "नोव्हेंबरात वाटप झालं. तेव्हा कुठं होता?"

"डोंगरात व्हतो, कापिताना."

"मग डोंगरालाच मागायचं."

पासिता हसली. मोठ्या माणसानं अपमान केला की ती हसायची. त्यानं लवकर संपतो, असा तिचा अनुभव होता. फ्लोर्देलिसा अजून सुट्टीच्या दिवशी मजुरीनं वाख ओढत होती; तिनं आपले काळे हात मागं घेतले. कापितानानं ते आधीच बघितले होते.

"हीच ना ती हुशार? हात बघ. आणि म्हणे विज्ञान." मग ती आत कामवालीला ओरडली, "लुझ! यांना एक फ्लेक्स दे गं. तो तिकडचा."

बोट दाखवायला बोट मोकळं नव्हतं. असतं तरी तिनं दाखवलं नसतं. बातोंगपुलात भली माणसं बोट दाखवत नाहीत, ओठांचा चंबू करून दिशा देतात. कापितानानं चंबू केला. चंबू खिडकीकडे होता की कोपऱ्याकडे, हे पुढं गावात बरेच दिवस वादाचं झालं. लुझला तो कोपऱ्याकडे वाटला. तिनं सुतळीनं बांधलेली कोरी गुंडाळी आणून पासिताच्या हातात दिली. कापिताना नखांवर फुंकर घालत होती.

"नवा दिसतोय," वाटेत पासिता म्हणाली.

"नव्या उमेदवाराचा असेल."

आंदोयनं फ्लेक्स संध्याकाळीच ठोकला. पांढरी बाजू वर, चित्राची आत. पांढऱ्यावर ऊन कमी तापतं. खिळ्याखाली जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या. एकाच हातानं ठोकत होता, खिळे तोंडात. त्या रात्री, झावळ्या गेल्यापासून पहिल्यांदा, तिघंही कोरडी झोपली.

सकाळी ऊन वर आलं आणि छप्पर उजळलं.

फ्लोर्देलिसा उताणी होती. तिच्या बरोबर वर कापितान ताबिरारा हसत होता, खाटेएवढा. त्याच्या शेजारी कापिताना. दोघांच्या मधे झगा आणि चौकोनी टोपी घातलेला जान केनेथ. खाली पिवळ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: यंदाच्या वर्षी शाळेत पहिला आल्याबद्दल आमच्या लाडक्या जान केनेथचं हार्दिक अभिनंदन.

तिनं ते परत वाचलं. मग बाहेर जाऊन हंड्यातलं पाणी प्यायली, आत येऊन आडवी झाली आणि तिसऱ्यांदा वाचलं. कुठलंही अक्षर बदललं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली. "परीक्षा कधी आहे?"

"मला काय इचारतीस? मार्चात ना?"

"मार्चमध्येच."

आंदोयला वाचायला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर तो बराच वेळ जान केनेथच्या टोपीकडे बघत राहिला.

"टोपी चांगली बसलीय," तो म्हणाला.

*

त्रिनिदाद बाई वर्गशिक्षिका. शाळा आता शेडमधून मदतीच्या तंबूत आली होती; तिथल्या वर्गात त्या वह्या गोळा करत होत्या. फ्लोर्देलिसानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तंबूच्या दाराकडे बघितलं.

"फ्लेक्सवर काय, काहीही छापतात," बाई म्हणाल्या.

"बाई, माझे गुण किती आहेत?"

"सगळ्यात जास्त आहेत."

"मग?"

"पण हजेरीचे गुण कापावे लागले. वादळानंतरचा आठवडा. सगळी मुलं आली, तू आली नाहीस."

"शाळाच नव्हती, बाई."

"शेडमध्ये होती."

"शेडमध्ये सार्डिन होते."

"फ्लोर्देलिसा, मला ठाऊक आहे काय होतं ते!" बाईंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मीसुद्धा दोन डबे घेतले. मुख्याध्यापक म्हणाले, हजेरी ती हजेरी. माझी बदलीची फाईल त्यांच्या टेबलावर पडलीय. माझा नवरा तिकडे लेगास्पीत, मी इकडे. तू दुसरी आलीस तरी काय कमी आहे का? दुसरं येणंही मोठंच असतं."

"कुणासाठी?"

बाईंनी वह्या नीट रचल्या. नीटच होत्या, तरी रचल्या.

घरी येताना फ्लोर्देलिसाला राग आला तो नखाच्या मुळांतून आला. चार वर्षं तिनं ह्या पोराच्या वाटची जमीन घासली होती. तिचं प्रशस्तिपत्र त्यांच्या भिंतीवर होतं. आणि आता तिच्या घरात, तिच्या चटईवर, तिच्या डोळ्यांसमोर ते सगळं कुटुंब रोज सकाळी उजेडात येऊन हसणार होतं, आणि त्यासाठी तिच्या आईनं हसून आभार मानले होते.

*

कापितान स्वतः आला. मोटारसायकल खालच्या रस्त्यावर लावून चढण चढत आला, तेव्हाच आंदोयला कळलं काम मोठं आहे.

"काय आंदोय! घरात आहेस का?"

"छप्पर आलं तवापासनं घरातच हाय, कापितान."

कापितान आत आला आणि वर न बघण्याचा फार प्रयत्न करत चटईवर बसला. वर त्याचंच तोंड होतं.

"गोंधळ झाला रे. चुकून भलताच फ्लेक्स दिला गेला. आमच्या हिनं ओठ खिडकीकडे केले होते, पोरीनं कोपऱ्यातला उचलला."

"कोपऱ्याकडंच व्हते," पासिता चुलीपाशी म्हणाली. "म्या बघितले. वाईच डावीकडं."

"असो. तो मला परत दे. बदल्यात काय देतो माहितीय? पत्रे. नवे कोरे. सगळं छप्पर झाकेल इतके. खिळ्यांसकट."

आंदोयचा हात नकळत दुखऱ्या खांद्यावर गेला. पत्रे! वादळाआधीसुद्धा त्याच्या घरावर पत्रे नव्हते.

"कापितान," फ्लोर्देलिसा म्हणाली, "परीक्षा अजून व्हायचीय."

"होईल की. कोण नाही म्हणतंय?"

"मग हे आधीच कसं छापलं?"

"मार्चमध्ये छापखान्यात गर्दी असते, पोरी." त्यानं हे इतक्या समजुतीनं सांगितलं, जणू कोवळ्या मुलीला जग कसं चालतं ते कळावं.

"आणि तो पहिला आला नाही तर?"

"तर एवढा फ्लेक्स फुकट नाही का जाणार?" कापितान उठला. "उद्या चर्चमध्ये मिस्सा आहे. परवा माणसं पत्रे घेऊन येतील. आंदोय, तू शहाणा माणूस आहेस."

तो गेला. चुलीवर भात शिजत होता.

"खिळ्यांसकट म्हणाला," आंदोय म्हणाला.

"बाबा!"

"आगं मी काय म्हणतो, फ्लेक्स दिला काय नि ठिवला काय, नंबर त्योच देणार. मुख्याध्यापक त्यांचा, कारकून त्यांचा. आपल्याला निदान पत्रं तरी व्हतील. पावसात तुझ्या आईला ताप भरतो, ते बघितलंस का?"

"म्हणजे मी पत्र्यांपायी जायचं मनिलाला."

"तसं न्हाई म्हणालो मी."

"तसंच म्हणालात. पत्र्याचा भाव काय चाललाय, बाबा? मी किती पत्र्यांची?"

आंदोयनं चटईची निघालेली काडी उपटली, मग तीच काडी परत विणायला लागला. एकाच हातानं ती विणली जाईना. फ्लोर्देलिसाला आपलं बोलणं ऐकू आलं आणि ती उठून बाहेर डुकराच्या खुराड्यापाशी जाऊन उभी राहिली. खुराड्यात डुक्कर नव्हतं. ते वादळानं नेलं होतं.

पासितानं भांडं चुलीवरून उतरवलं. तिनं भात वाढला.

रविवारी उजाडताच छपरावर धबधब आवाज झाला. फ्लोर्देलिसा बाहेर धावली. पासिता वर होती. देहानं जाड बाई, घागरा गुडघ्याशी खोचलेला, तोंडात खिळे, हातात हातोडी. एक बाजू तिनं उपटलीच होती.

"पासिता! पडशील!" आंदोय ओरडला. "काय करतीस?"

"पांढरा रंग मळतोय," ती खिळ्यांतून म्हणाली. "उलटा लावते. ही बाजू धुवाया सोपी. टोक धर की!"

आंदोय खाली उभा राहून एकदा रस्त्याकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. मग त्यानं टोक धरलं.

तापेलांचं घर चढणीवर, चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी डोक्यावर. मिस्सेची घंटा झाली तेव्हा सगळं गाव खालून जात होतं, आणि डोंगराच्या कपाळावर कापितान, कापिताना आणि टोपीतला जान केनेथ उन्हात झळकत होते. बोटीतून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनाही पिवळी अक्षरं वाचता येत होती.

"अगं बाई, पहिला आला!" मानाय सेपा रस्त्यातच थांबली. "परीक्षा कधी झाली?"

"झाली असंल. आपल्याला कोण सांगतंय?"

"मग आज जेवाण!"

हे बोलणारा कोण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, पण ते खरंच होतं. बातोंगपुलात ज्याच्या घरी पहिला नंबर येतो त्यानं गावाला जेवण घालायचं असतं. न घातलं तर पुढच्या वर्षी मुलाला ताप येतो, असं म्हातारी माणसं म्हणतात. तरणी म्हणत नाहीत, पण जेवायला जातात. आंदोयनंसुद्धा पहिलीपासून दरवर्षी घातलं होतं, शेंगदाणे आणि उकडलेला सुरण.

मिस्सा संपली आणि गाव चर्चमधून सरळ कापितानच्या अंगणात गेलं. ताटं बरोबर होती. कुठून आणली, कुणास ठाऊक.

*

कापितान ओटीवर आला तेव्हा त्याच्या एका गालावर साबण होता.

"हे काय?"

"अभिनंदन, कापितान!" घंटावाला म्हातारा म्हणाला. "डुक्कर की बकरं?"

"कसलं अभिनंदन?"

"डोंगरावर लिव्हलंय की."

कापितानानं आतून काहीतरी विचारलं. कापिताननं बायकोकडे असं बघितलं की तिनं ओठ मिटून घेतले, पुन्हा कधी कुठलीच दिशा दाखवणार नाही असे. मुख्याध्यापक नेहमीप्रमाणे रविवारच्या जेवणाला आलेलेच होते. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

जेवण घालावं तर परीक्षेआधी निकाल लागला हे कबूल. न घालावं तर गाव उपाशी परत जाणार, आणि निवडणूक ऑक्टोबरात होती. कापितान विचार करत होता तेवढ्यात मागं डुकराची किंकाळी आली. घंटावाल्याच्या मुलांनी वाट बघितली नव्हती.

"बरं, बरं," कापितान म्हणाला. "जेवा. पण हे नंबराचं जेवण नव्हे. तो फ्लेक्स म्हणजे... नमुना. छापखान्याचा नमुना. नंबर अजून ठरायचाय."

"म्हंजे परीक्षा व्हायची हाय?" आंदोयनं विचारलं. तो अंगणाच्या कडेला उभा होता, बायको आणि पोरीसकट, ताट काखेत.

"होणार म्हणजे काय! होणारच!"

"आन जो जास्ती गुण काढील त्यो पहिला?"

 मागं पेंढ्यावर डुक्कर भाजायला लागल्याचा वास येत होता.

"तोच पहिला," कापितान म्हणाला. "सगळ्यांदेखत सांगतो."

"हजेरीचे गुण धरून," मुख्याध्यापक घाईनं म्हणाले. "नियमच आहे. वादळाच्या आठवड्यातसुद्धा मुलं शिस्तीनं हजर होती. काही सोडून."

फ्लोर्देलिसानं बाह्या वर सारल्या. ती पुढं होणार एवढ्यात जान केनेथ आतून आला. त्याच्या हातात डुकराच्या कानाचा कुरकुरीत तुकडा होता, आचाऱ्याकडून आगाऊ मिळवलेला.

"वादळाच्या आठवड्यात मी कुठं होतो?" तो चावत म्हणाला. "लेगास्पीलाच होतो ना, मामाकडे. दोन सिनेमे बघितले. पप्पा, मला हजर लावलं?"

कापितान गालावरचा साबण पुसायला लागला.

"मग माझा डबा कुणी खाल्ला?"

हसण्याचा पहिला आवाज मानाय सेपाचा. मग ते अंगणभर गेलं. पण फ्लोर्देलिसा हसली नाही. 

"हसू नका!" ती ओरडली. "तो सिनेमा बघत होता तो हजर. मी पोटासाठी वाख ओढत होते ती गैरहजर. आमच्या घरावर छप्पर नव्हतं, शाळेवर नव्हतं, मग मी कुठं गैरहजर होते? शाळा दफनभूमीत पडली होती! हे बघा माझे हात. हे कुठं होते ते विचारा ना!"

तिनं हात वर केले. कोपरापर्यंत काळे.  आंदोयनं काखेतलं ताट हळूच जमिनीवर ठेवलं.

त्रिनिदाद बाई ओटीच्या पायरीवर होत्या. त्यांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित बोलल्या नसत्या.

"वर्गाची हजेरी मी लावते," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्यात शाळाच गैरहजर होती. तो आठवडा मी कुणालाच धरणार नाही."

"बाई, तुमची बदली—" मुख्याध्यापक म्हणाले.

"ठाऊक आहे, सर."

मग डुक्कर तयार झालं आणि गाव जेवायला बसलं. कापितानला सगळ्यांना स्वतः वाढावं लागलं. आंदोयच्या पानात त्यानं चरबीचा तुकडा टाकला, मांसाचा नाही. पत्र्यांचा विषय पुन्हा कुणीच काढला नाही.

*

मार्चमध्ये परीक्षा झाली. तंबूत, सगळ्यांदेखत, बापमाणसं बाहेर ओणवी होऊन बघत होती, जणू कोंबड्यांची झुंज चाललीय. जान केनेथनं पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं पेपर लिहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "अवघड असतं हे." तो तिसरा आला. फ्लोर्देलिसा पहिली आली. त्रिनिदाद बाईंची बदली झाली, पण लेगास्पीला नाही. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं रस्ता संपतो. समारंभाला त्या आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना रुजू व्हायचं होतं.

समारंभात आंदोयनं पदक गळ्यात घातलं. ह्या खेपेला टाचणी नव्हती. खांदा वर जाईना, म्हणून फ्लोर्देलिसा गुडघे वाकवून खाली झाली. फोटोत ती शिक्षा झाल्यासारखी दिसते.

शाळेच्या फाटकावर कापितानचा नवा फ्लेक्स होता, पहिल्यापेक्षा मोठा. कापितान, कापिताना, गावच्या मंडळाचे सगळे सभासद, मुख्याध्यापक, हात जोडलेले. सगळ्या यशस्वी विद्यार्थ्यांचं अभिनंदन. खाली उजव्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी, फ्लोर्देलिसा तापेल. दोरी ओवायची लोखंडी कडी नेमकी तिच्या कपाळातून गेली होती.

"आगं, तू हायस की!" पासिता म्हणाली. मग जवळ गेली, बघितलं, आणि हसली नाही.

समारंभ संपून आठवडा झाल्यावर मायलेकी पुन्हा कापितानच्या ओटीपुढं उभ्या होत्या.

"आता काय?" कापिताना म्हणाली.

"फाटकावरचा फ्लेक्स," फ्लोर्देलिसा म्हणाली. "आता त्याचं काम झालं. आमच्या छपराची दुसरी बाजू अजून गळते."

कापितानाची नखं वाळलेली होती. तिनं ह्या वेळी ओठ वापरले नाहीत. बोट दाखवलं, सरळ, उद्धटासारखं, आणि लुझनं तो फ्लेक्स आणून दिला.

तो लावायला आंदोयनं सबंध दुपार घालवली. इकडून धर, तिकडून सोड, पुन्हा उपट. चित्र आत ठेवून पोरीचा कोपरा तिच्या चटईच्या बरोबर वर यायला हवा होता, त्यासाठी बाकी सगळी मंडळी वळचणीकडं सरकवावी लागली. मुख्याध्यापक चुलीवर आले. कापितानचं तोंड भिंतीबाहेर गेलं, रिकाम्या खुराड्यावर.

जूनमध्ये फ्लोर्देलिसा बोटीनं गेली. वाटभर ओकली असणार. त्याच आठवड्यात पाऊस लागला. आंदोय आडवा झाला तो पोरीच्या चटईवर, उताणा, वरच्या तिकिटाएवढ्या पोरीकडे बघत.

"गळतंय का?" पासितानं चुलीपासून विचारलं.

आंदोयनं हात वर केला, जितका जात होता तितका, आणि कडीच्या भोवतालचं रबर चाचपलं.

"कापितान गळतोय," तो म्हणाला. "आपली न्हाई."